‘केसियस’ म्हणजे चीजसारखे : शब्दाचे मूळ, आणि अहवालात तो कसा वाचावा

मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला आणि अहवालात ‘केसिएटिंग ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’ असे तीन लांबलचक शब्द आले, की वाचणारा शेवटच्या शब्दापाशी अडतो. खरे तर सगळ्यात जास्त सांगतो तो पहिला शब्द. लिम्फॅडेनायटिस म्हणजे लसिकाग्रंथीचा दाह, एवढेच. ग्रॅन्युलोमॅटस म्हणजे त्या दाहात संरक्षक पेशींनी एकत्र येऊन बारीक गाठोडी बांधली आहेत. आणि केसिएटिंग म्हणजे त्या गाठोड्यांच्या मध्यभागी ऊती मरून तिचा चीजसारखा भुसभुशीत लगदा झाला आहे.

असा लगदा बहुधा क्षयात (टीबीत) दिसतो, पण हा शब्द रोगाचे नाव नाही. ते एका दृश्याचे वर्णन आहे. ही एक गोष्ट पक्की धरली तर पुढचे बरेचसे गैरसमज होत नाहीत.

आधी शब्द फोडून पाहा

लॅटिनमध्ये ‘केसियुस’ म्हणजे चीज. त्याला ‘-ओसुस’ हा ‘ने युक्त, च्यासारखे’ असा अर्थ देणारा प्रत्यय लागून ‘केसिओसुस’ झाले आणि तेच इंग्रजीत ‘केसियस’ म्हणून आले. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकापासून आढळतो. उच्चार ‘के-सि-अस’ असा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन.

चीजसाठीचे युरोपातले अनेक शब्द याच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत: इंग्रजी ‘चीज’, जर्मन ‘केझ’, डच ‘कास’, स्पॅनिश ‘केसो’. फ्रेंच ‘फ्रोमाज’ मात्र वेगळ्या वाटेने आला. साच्यात घातलेल्या चीजला ‘केसियुस फोर्मातुस’ म्हणत, त्यातला ‘चीज’ गळला आणि ‘साच्यातले’ तेवढे उरले.

‘केसियुस’ लॅटिनमध्ये कुठून आला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आंबणे, फसफसणे अशा अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी काही जण त्याचा संबंध लावतात. तो अंदाज बरोबर असेल, तर संस्कृत ‘क्वथ्’ आणि त्यापासून आलेले आपले ‘कढणे’, ‘कढ’, ‘काढा’ हे शब्द या वैद्यकीय शब्दाचे दूरचे नातलग ठरतात. ही जोडणी अंदाजाचीच आहे. तिच्यावर पुढचे काही अवलंबून नाही, पण शब्द लक्षात ठेवायला ती मदत करते.

मूळ हाती लागले की बाकीची रूपे आपोआप उलगडतात. ‘केसियस’ हे विशेषण आहे. ‘केसिएशन’ म्हणजे ऊतीचा असा लगदा होण्याची क्रिया. ‘केसिएटिंग’ म्हणजे ज्यात ती क्रिया झालेली किंवा चाललेली आहे असे. ‘केसियम’ म्हणजे तो लगदा स्वतः. दुधातल्या ‘केसीन’ या प्रथिनाचे नावही इथलेच. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. दूध आंबून त्याचा पीएच ४.६च्या आसपास उतरला की हे केसीन साकळते आणि दूध फाटते. चीज बनते ते याच प्रथिनाचे.

इथे एक चूक हमखास होते. ‘केस हिस्टरी’, ‘केस पेपर’ यांतला ‘केस’ आणि ‘केसियस’ यांचा काहीही संबंध नाही. तो ‘केस’ लॅटिन ‘कासुस’पासून येतो, त्याचा अर्थ ‘घडलेली गोष्ट’. पेटी या अर्थाचा ‘केस’ तिसऱ्याच मुळाचा, ‘काप्सा’पासून आलेला. ‘कॅप्सूल’ त्याच घरातली. अहवाल फोनवर वाचून दाखवला जातो तेव्हा ‘केसियस’चे ‘केस’ होऊन पलीकडच्या माणसाच्या कानावर भलतेच काही पडते. म्हणून शब्द ऐकून घेऊ नका, लिहून किंवा फोटो काढून मागवा.

कोणते चीज?

चीज म्हटल्यावर चौकोनी, पिवळे, ताणले जाणारे चीज डोळ्यांपुढे आले तर शब्दाचा अर्थ निसटतो. जुन्या शवविच्छेदकांच्या मनात होते ते ताजे, न मुरलेले चीज: पांढुरके किंवा फिकट पिवळे, ओलसर पण पाणी न सुटणारे, चिमटीत धरले तर भुगा होणारे. क्षयाने ग्रासलेली लसिकाग्रंथी कापली की आत नेमके असेच दिसते. सुरीच्या पात्याला ते चिकटते आणि कडेने ढासळते.

सूक्ष्मदर्शकाखाली चीज वगैरे काही दिसत नाही. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या काचेवर मध्यभागी गुलाबी, दाणेदार, आकारहीन पट्टा दिसतो. पेशींच्या कडा ओळखू येत नाहीत. इथेच हा ऊतिनाश इतर प्रकारांपासून वेगळा पडतो. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला तर मेलेल्या पेशींची बाह्यरेषा काही दिवस टिकते, जणू ओसाड गावातली घरे उभी आहेत. मेंदूत किंवा पुवाच्या गळवात सगळे विरघळून पातळ होते. केसियस प्रकारात घरेही पडलेली असतात आणि पातळही झालेले नसते. पडझडीचा ढीग जागच्या जागी राहतो.

तो ढीग असा का राहतो? क्षयाच्या जंतूला गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्याला सहज मारू शकत नाहीत. या जंतूचे कवच मायकोलिक आम्लांसारख्या मेणकट मेदांचे असते. मॅक्रोफेज पेशी मेदाचे थेंब साठवून फेसाळ दिसू लागतात, पुढे मरतात आणि तो मेद तिथेच सांडतो. पू पातळ करणारी विकरे (एन्झाइम) प्रामुख्याने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींतून येतात. या गाठोड्यात त्या सुरुवातीला फार नसतात, म्हणून लगदा मेदयुक्त, घट्ट आणि कोरडसर राहतो. त्याच्याभोवती लांबट ‘एपिथेलिऑइड’ पेशींचे कडे, अधूनमधून लँगहान्सच्या महापेशी आणि बाहेर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची किनार, अशी रचना असते.

लँगहान्सच्या महापेशीत अनेक केंद्रके घोड्याच्या नालासारखी कडेला मांडलेली असतात. थिओडोर लँगहान्स यांनी १८६८मध्ये त्यांचे वर्णन केले. त्याच वर्षी पॉल लँगरहान्स यांनी त्वचेतल्या वेगळ्याच पेशींचे वर्णन केले. नावे इतकी जवळची आहेत की अहवाल टंकताना ‘र’ आगाऊ पडतो आणि अर्थ पूर्ण बदलतो. ‘लँगरहान्स सेल’ असा शब्द क्षयाच्या संशयाच्या अहवालात दिसला, तर प्रयोगशाळेला विचारून खात्री करून घ्यावी.

चीजवरून झालेला मोठा वाद

एकोणिसाव्या शतकात हा शब्द केवळ वर्णनाचा राहिला नाही, त्याच्याभोवती मोठा वाद झाला. स्टेथोस्कोप शोधणारे रेने लाएनेक यांचे मत होते की फुप्फुसातली बारीक गाठ आणि हा चीजसारखा लगदा ही एकाच रोगाची रूपे आहेत. ते स्वतः १८२६मध्ये क्षयानेच गेले. पुढे बर्लिनच्या रूडोल्फ फिरखोव यांनी वेगळी भूमिका घेतली. चीजसारखा लगदा अनेक कारणांनी होऊ शकतो, गळवात होतो, अर्बुदातही (ट्यूमरमध्येही) होतो, म्हणून तेवढ्यावरून क्षय म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे. या बदलाला ते जर्मनमध्ये ‘चीजी रूपांतर’ म्हणत. १८६५मध्ये झाँ-अंत्वान वीलमँ यांनी रोग्याच्या शरीरातला क्षयाचा पदार्थ सशांना टोचून रोग संक्रमित होतो हे दाखवले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी जंतूच दाखवला आणि लाएनेक यांचे मत बरोबर ठरले.

रोग एकच, या मुद्द्यावर फिरखोव चुकले. पण ‘लगद्यावरून रोगाचे नाव ठरवू नका’ हा त्यांचा इशारा आजही प्रत्येक अहवालाला लागू आहे, आणि तो विसरल्यामुळे होणाऱ्या चुका आजही होतात.

अहवाल हातात आल्यावर

पहिल्यांदा, शब्दाच्या आधी ‘नॉन’ आहे का ते पाहा. ‘नॉन-केसिएटिंग’ आणि ‘केसिएटिंग’ यांत एका छोट्या उपसर्गाचाच फरक असतो आणि घाईत ‘नॉन’ गळतो. नॉन-केसिएटिंग ग्रॅन्युलोमा म्हणजे गाठोडी आहेत पण आत लगदा नाही. सार्कॉइडोसिस (अनेक अवयवांत अशी गाठोडी करणारा आजार) आणि आतड्याचा क्रोन्सचा आजार यांत सहसा असे असते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात की हा एक शब्द उपचाराची दिशा फिरवू शकतो. एकीकडे प्रतिजैविके, दुसरीकडे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. क्षय असताना दुसरी दिली गेली तर जंतू मोकाट सुटतात.

पण ‘नॉन’ दिसले म्हणून क्षय नाहीच, असेही मानू नका. सुईने काढलेला तुकडा दोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो. लगदा शेजारच्या भागात असू शकतो. रोगाच्या सुरुवातीला तो तयारच झालेला नसतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल तर गाठोडीच नीट बांधली जात नाहीत.

दुसरे, हा शब्द कोणी लिहिला आहे ते पाहा. तुकडा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने लिहिला असेल तर तो प्रत्यक्ष पाहून लिहिला आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘केसियस मटेरियल’ असेल तर तो उघड्या डोळ्यांचा अंदाज आहे. चांगला अंदाज, पण अंदाजच. सीटी किंवा एमआरआयच्या अहवालात असेल तर तो आणखी एक पाऊल दूरचा आहे. सीटीत लसिकाग्रंथीचा मध्य काळपट आणि कडा उजळ दिसली, तर मध्यभागी ऊती मेली आहे एवढे कळते. ती चीजसारखी आहे की नाही, हे सीटी सांगू शकत नाही. कर्करोग पसरलेल्या ग्रंथीतही असे दिसते. मेंदूतल्या क्षयाच्या गाठीत एमआरआय थोडी अधिक मदत करतो: मधला लगदा घट्ट असेल तर ‘टी-टू’ प्रकारच्या चित्रात तो काळा दिसतो आणि पातळ झाला असेल तर पांढरा.

तिसरे, जंतू सापडला का ते पाहा. अहवालाच्या शेवटी ‘झील-नील्सन’ किंवा ‘एएफबी’ (क्षयाचे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याची तपासणी) अशी ओळ असते. ती ‘निगेटिव्ह’ असली की सुटकेचा नि:श्वास टाकला जातो, आणि तो बऱ्याचदा अकाली असतो. ग्रंथीतल्या क्षयात जंतू मुळातच थोडे असतात. थुंकीच्या काचेवर जंतू दिसायला दर मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात, यावरून ही तपासणी किती बोथट आहे हे लक्षात यावे. म्हणून केसिएटिंग ग्रॅन्युलोमा आहे पण एएफबी निगेटिव्ह, अशा अहवालात दोन तपासण्यांची विचारणा जरूर करावी: जंतूच्या जनुकांची चाचणी, जी काही तासांत निकाल देते आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का हेही सांगते, आणि कल्चर, ज्यात जंतू वाढवून पाहतात. द्रव माध्यमात कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस वाट पाहतात, घन माध्यमात ६ ते ८ आठवडे. दोन आठवड्यांत ‘काही वाढले नाही’ असे कळले, तर तो निकाल अजून आलेला नाही असे समजावे.

सगळ्यात महाग पडणारी चूक : नमुन्याची बाटली

अनेकांना कल्चर करायचे ठरते तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेलेला असतो. फॉर्मालिन ऊती टिकवते आणि जंतू मारते. त्यात बुडालेल्या तुकड्यातून कल्चर कधीच होत नाही. जनुकचाचणीचेही हाल होतात, कारण फॉर्मालिनमध्ये डीएनए तुटतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया करून तुकडा काढावा लागतो, किंवा औषधे अंदाजाने सुरू करावी लागतात आणि जंतू औषधाला दाद देणारा आहे का हे कळतच नाही.

म्हणून तुकडा काढण्याच्या आधीच, शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी, डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: ‘नमुना दोन बाटल्यांत जाणार आहे ना?’ एक भाग १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट द्रवात. कमी द्रवात मोठा तुकडा कोंबला तर मधला भाग टिकत नाही, सडतो, आणि मग तो मुळात केसियस होता की नंतर खराब झाला हे सांगता येत नाही. दुसरा भाग निर्जंतुक डबीत, तुकडा सुकू नये इतक्या सलाइनमध्ये, फॉर्मालिनचा थेंबही न लागता. दोन्ही डब्यांवर काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. झाकणावर लिहिलेले चालत नाही, झाकणे बदलतात. डबीच्या अंगावर लिहावे. दुसरी डबी लगेच पोहोचणार नसेल तर २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावी, गोठवू नये.

पू किंवा लगदा असेल तर तो सिरिंजने ओढून डबीत घालावा. कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना जवळपास वाया जातो: पदार्थ थोडा येतो आणि मेणकट कवचाचे जंतू धाग्यांना चिकटून राहतात. शक्य असेल तेव्हा मधला लगदा आणि कडेची भिंत, दोन्ही पाठवावे. नुसता लगदा पाठवला तर सूक्ष्मदर्शकाखाली सगळे गुलाबी आणि मृत दिसते, ग्रॅन्युलोमा दिसतच नाही, आणि अहवाल ‘फक्त मृत ऊती, निश्चित मत देता येत नाही’ असा येतो.

आणखी एक. मानेवर मऊ, न दुखणारा, लाली किंवा ऊब नसलेला फुगवटा असेल तर तो ‘थंड गळू’ असू शकतो. म्हणजे घट्ट लगदा पातळ होऊन बाहेरच्या बाजूला आलेला. त्याला साध्या गळवासारखी चीर दिली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. जाड सुईने, शेजारच्या निरोगी त्वचेतून तिरके जाऊन, वरच्या बाजूने तो उपसतात, म्हणजे पदार्थ गुरुत्वाकर्षणाने त्याच वाटेने गळत राहत नाही.

लगद्याचे पुढे काय होते

हा लगदा शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू अत्यल्प असतो, आणि जंतू त्यात जवळजवळ झोपी गेल्यासारखे टिकतात. बऱ्याचदा त्यात कॅल्शियम साचून तो दगडासारखा होतो. छातीच्या एक्स-रेत जुना पांढरा ठिपका दिसतो तो असा. कधी उलट घडते. लगदा पातळ होतो, फुप्फुसात तो श्वासनलिकेत फुटतो आणि खोकल्यातून बाहेर पडतो. मागे पोकळी राहते. त्या पोकळीत प्राणवायू पोहोचतो आणि जंतू झपाट्याने वाढतात. पसरणारा क्षय बहुधा असाच पसरतो.

औषधे सहा महिने का घ्यावी लागतात याचे एक कारण हा लगदा आहे. प्रमाणित उपचारात पहिले २ महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, नंतर किमान ४ महिने आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन असतात. भिंतीतले, वाढणारे जंतू लवकर मरतात आणि माणसाला बरे वाटू लागते. लगद्यातले झोपलेले जंतू तसेच असतात. रक्तवाहिन्या नसलेल्या त्या ढिगात औषध झिरपत झिरपत जाते, आणि प्रत्येक औषध सारखे झिरपत नाही. दोन महिन्यांनी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारे नेमके याच जंतूंना मोकळे रान देतात.

उपचार चालू असताना ग्रंथी आधी मोठी होऊ शकते, नवी गाठही येऊ शकते. प्रतिकारशक्ती जागी होऊन मेलेल्या जंतूंवर तुटून पडते म्हणून असे होते. औषध लागू पडत नाही असे ठरवून गोळ्या बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

क्षय नसतानाही

हिस्टोप्लाझ्मा, कॉक्सिडिऑइडिससारख्या बुरशीही हुबेहूब असाच लगदा करतात, म्हणून चांगल्या अहवालात बुरशीच्या रंगांची, पीएएस किंवा सिल्व्हर स्टेनची, ओळ असते. ती नसेल तर विचारावे. सिफिलिसच्या ‘गमा’ नावाच्या गाठीत मृत भाग रबरासारखा लवचिक असतो आणि पेशींच्या बाह्यरेषा थोड्या उरतात. कुष्ठरोगात मज्जातंतूतही लगदा होतो.

प्राण्यांच्या बाबतीत या शब्दाचे वजन आणखी कमी धरावे. शेळ्या-मेंढ्यांत ‘केसियस लिम्फॅडेनायटिस’ नावाचा आजार आहे आणि तो क्षयाच्या जंतूने होत नाही, कॉरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्यूबरक्युलॉसिस या वेगळ्या जंतूने होतो. त्यातले मेंढीचे गळू कापले की कांद्यासारखे थरावर थर दिसतात. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांचा तर कुठलाही पू केसियसच असतो. त्यांच्या हेटरोफिल (न्यूट्रोफिलच्या जागी असणाऱ्या) पेशींत पू पातळ करणाऱ्या यंत्रणेतले मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते. पोपटाच्या डोळ्याखालच्या गाठीतून चीजसारखा खडा निघाला, तर साध्या जंतुसंसर्गाचीही तीच रीत असते.

काही ‘चीज’ तर मेलेल्या ऊतीचे नसतेच. त्वचेखालच्या एपिडर्मॉइड गाठीतून निघणारा वास मारणारा पांढरा पदार्थ केराटिन असतो. टॉन्सिलच्या खाचांतले पांढरे खडे म्हणजे गळलेल्या पेशी, जंतू आणि अन्नकण यांचा साका. योनीतून दह्यासारखा पांढरा स्राव, खाज आणि पीएच ४.५ किंवा त्याहून कमी, असे असेल तर कॅन्डिडा बुरशीचा संशय घेतात. हृदयाच्या मायट्रल झडपेच्या कड्यात कॅल्शियम साचून मध्यभागी टूथपेस्टसारखे मऊ होते त्याला ‘केसियस कॅल्सिफिकेशन’ म्हणतात. ते इकोमध्ये अर्बुदासारखे दिसते आणि विनाकारण शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते.

आणि एक जागा अशी जिथे हा शब्द आनंदाचा आहे. नवजात बाळाच्या अंगावरचा पांढरा, लोण्यासारखा लेप म्हणजे ‘व्हर्निक्स केसिओसा’, शब्दशः ‘चीजसारखे रोगण’. त्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि उरलेल्यात साधारण निम्मे मेद, निम्मी प्रथिने. तो घासून काढू नये. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालायला सांगते. उशिरा जन्मलेल्या बाळांवर हा लेप कमी असतो आणि त्यांची त्वचा कोरडी, सोललेली दिसते.

ग्रीक चीज आणि थायरॉइडचा घोटाळा

ग्रीकमध्ये चीजला ‘टायरॉस’ म्हणतात. १८४६मध्ये युस्टुस फोन लीबिग यांनी केसीनमधून एक अमिनो आम्ल वेगळे केले, त्याचे नाव म्हणून ‘टायरोसीन’. मुरलेल्या चीजमध्ये टायरोसीनपासून ‘टायरामीन’ तयार होते. नैराश्यावरची एमएओ रोधक औषधे घेणाऱ्यांचा रक्तदाब मुरलेले चीज खाल्ल्यावर धोकादायक वाढतो, तो या टायरामीनमुळे.

याच मुळापासून ‘टायरॉइड’ म्हणजे चीजसारखे, आणि ‘टायरोसिस’ म्हणजे केसिएशन, असे शब्द जुन्या वैद्यकीय कोशांत सापडतात. ‘थायरॉइड’शी यांचा काही संबंध नाही. तो शब्द ‘थिरेऑस’, म्हणजे दारासारखी मोठी ढाल, यापासून आला आहे. जुन्या ग्रंथात ‘टायरॉइड’ दिसले तर ती मुद्रणाची चूक समजून ‘थ’ करू नका. आधी वाक्य कशाबद्दल आहे ते पाहा.

मराठीत लिहायचे तर

हिंदीच्या पारिभाषिक शब्दावलीत ‘केसियस’ला ‘किलाटी’ म्हटले आहे. संस्कृतात ‘किलाट’ म्हणजे नासलेले दूध आटवून उरलेला गोळा. लॅटिन शब्दाला याहून नेमका जोड मिळणे कठीण, पण तो वाचून कोणाला काही उलगडत नाही. रुग्णासाठी लिहिताना ‘चीजसारखा’ एवढेच लिहिले तर चुकीचे चीज डोळ्यांपुढे येते. ‘फाटलेल्या दुधाच्या गोळ्यासारखा, भुसभुशीत’ असे लिहिले की काम होते. मूळ शब्द ‘केसियस’ही शेजारी देवनागरीत ठेवावा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला नेमके काय लिहिले होते ते कळते.

‘सडलेला’ हा शब्द टाळावा. सडण्यात बाहेरचे जंतू ऊती कुजवतात, दुर्गंधी येते. केसियस लगद्याला सहसा वास नसतो. ‘कुजलेली गाठ’ वाचून घाबरलेल्या माणसाला ‘गाठीच्या आतला भाग मृत होऊन भुसभुशीत झाला आहे, क्षयाची शक्यता आहे, जंतूची तपासणी चालू आहे’ हे वाक्य दिले, तर त्याला पुढे काय करायचे ते कळते.